आजींचा फॉर्म

“झोप नीट लागते का?” पॅडवरचा फॉर्म वाचत मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षातली विद्यार्थिनी मला विचारत होती. लसीकरणाच्या दिवशी आरोग्य केंद्रात येऊन नव्या आयांशी बोलणं हा तिच्या अभ्यासक्रमाचा भाग होता.

“लागते की!” सासूबाईंनीच उत्तर दिलं.

“रडू येतं?”

“हिला? छे! हसरी आहे पोर.”

मी बाळाचं टोपडं सारखं करत राहिले.

विद्यार्थिनीने दुसरा फॉर्म काढला. “आजी, तुमचाही भरायचाय. बाहेर माझी मैत्रीण बसलीय, ती भरून घेईल.” सासूबाई खुशीत गेल्या. मग ती माझ्याकडे वळली. “ताई, आता तुम्ही सांगा.”

“नाही लागत झोप,” मी म्हणाले. “बाळाचा श्वास चालू आहे ना, तेच बघत बसते रात्रभर.” तीन महिन्यांत हे पहिल्यांदाच बोलले.

तेवढ्यात दाराबाहेरून सासूबाई ऐकू आल्या. “झोपत नाही गं सून माझी. मला दिसतं सगळं. पण तिच्यादेखत कसं बोलू? आणखी घाबरेल.”

मी दार उघडलं. “आई, या आत. दोघी मिळून सांगू.”