किल्ल्याच्या बागेतला फोटो

कॅल्गरीच्या मराठी मंडळाच्या फोटो स्पर्धेत मी आयर्लंडमधल्या एका किल्ल्याच्या जुन्या बागेचा फोटो दिला होता. परीक्षक शंतनु म्हणाला, “काका, गार्डन अप्रतिम आलंय! फक्त काकूंना क्रॉप करा, पहिलं बक्षीस तुमचंच.”

एरवी मी वाद घालत नाही. त्या दिवशी ठामपणे म्हणालो, “नाही. ती शेजारी उभी आहे म्हणून झाडांची उंची कळते. आम्ही सिव्हिल इंजिनिअर साइटचे फोटो असेच काढतो.”

बक्षीस गेलं. परतताना गाडीत मृणालिनी उसळली, “म्हणजे इतकी वर्षं मी तुमची मोजपट्टी होते?”

“उंचीसाठी एक फोटो पुरतो,” मी म्हणालो. “त्या बागेत मी तीनशे काढले. तू नाहीस असा एक दाखव.”