बिडाच्या चौकटीवरचा पंजा

कारागिराने पियानोची बिडाची जड चौकट घासून तिला सोनेरी रंग दिला आणि खोलीला कुलूप लावलं. सकाळी रंगात हाताचा पंजा उमटलेला.

“तू हात लावलास?”

“मी कशाला लावू तुमच्या सोन्याला हात?” बायको हसली.

त्याने आपला पंजा त्यावर धरला. अंगठ्यावरच्या जुन्या व्रणासकट तंतोतंत जुळला. झोपेत चालतो की काय आपण, असं पुटपुटत त्याने तो घासून काढला, पुन्हा रंग दिला आणि किल्ली बायकोकडे ठेवली.

दुसऱ्या दिवशी तोच पंजा, तोच व्रण. करंगळी मात्र अर्ध्यातच तुटलेली.

त्याने आपली बोटं मोजली. पाचही शाबूत होती.

रंग कडक वाळला होता, हाताने घासून निघेना.

“मग मशीन लावा की,” बायको म्हणाली आणि तिने ग्राइंडर त्याच्या हातात दिला.