ज्याचा तंटा, तो बाहेर

हसीनाबी खुर्चीवरून उठल्या, तेव्हा त्या खरोखर बाहेर जातील असं सभागृहात कोणालाच वाटलं नाही. पण त्यांनी समोरचा कागद दुमडून पिशवीत टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "रस्त्यात माझं घर जातंय. या विषयावर मी मत देणार नाही."

विषय होता पिंजारवाड्यातून काढायच्या साठ फुटी रस्त्याचा. पितांबरशेठच्या जिनिंगमधून कापसाच्या गाठींचे ट्रक नरडाण्याच्या रस्त्याला झटकन लागावेत म्हणून तो हवा होता. ठरावात मात्र 'जनतेच्या सोयीसाठी' असं लिहिलेलं. त्या जनतेची एक्केचाळीस घरं पाडावी लागणार होती, एवढीच काय ती गैरसोय.

नगरपंचायतीत सदस्य सतरा. आठ रस्त्याच्या बाजूने, त्यात अध्यक्षही. नऊ विरोधात. नवव्या हसीनाबी. पिढ्यान् पिढ्या कापूस पिंजून गाद्या भरणाऱ्या त्या वाड्यानं त्यांना निवडून दिलं होतं ते या एका मतासाठी. सकाळी घरातून निघताना मुलानं, आकिबनं, दारातच बजावलं होतं, "अम्मी, कुछ भी हो, कुर्सी मत छोडना."

आणि आता मुख्याधिकाऱ्यांनी नियम वाचून दाखवला होता. ज्या सदस्याचा विषयात हितसंबंध असेल, त्याने त्यात भाग घेऊ नये. वाचताना साहेब फक्त हसीनाबींकडे बघत होते. हसीनाबी बघत होत्या त्या आठांकडे. त्या आठांच्या निवडणुकीत जीपा शेठच्या, बॅनर शेठचे, शेवभाजीच्या पंगतीही शेठच्याच. गावातलं शेंबडं पोरही हे सांगेल.

पिंजाऱ्यांच्या जमातीत एक जुना रिवाज आहे. तंटा निवडायला पंच बसले, की ज्याचा तंटा तो आपण होऊन उठतो आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसतो. तो उठला की दोन्हीकडचे सोयरे उठतात, ज्यांनी कोणाचं मीठ खाल्लंय तेही उठतात. कोणाला सांगावं लागत नाही. जो बसून राहील, त्याच्या घरात पुढे कोणी मुलगी देत नाही. हसीनाबी हेच बघत लहानाच्या मोठ्या झाल्या. आधी आपण उठायचं, मग दुसऱ्याला बसवत नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आठच्या आठ उठतील, इतक्या काही त्या भोळ्या नव्हत्या. पण एक उठला तरी पुरे होतं. मग विरोधातले आठ उरले असते आणि शेठचे सात. तो एक कोण, हेही त्यांनी मनाशी धरलं होतं. रुपचंद.

रुपचंद शेजारच्या गल्लीतला. हसीनाबींचे पती गेले तेव्हा जनाज्याला त्यानं खांदा दिला होता. स्वतः निवडून आल्यावर दुसऱ्याच सकाळी पेढे घेऊन आला आणि पेढे बाजूलाच राहिले, ओट्यावर बसून ढसाढसा रडला. "अक्का, बठ्ठा खर्च शेठना शे. आते मी मना ऱ्हायनू नही." सगळा खर्च शेठनं केलेला, आता तो स्वतःचा राहिला नव्हता.

तोच रुपचंद आता त्यांच्या बाजूच्या खुर्चीतून कुजबुजला, "अक्का, बसा ना. काब्र उठनात?"

"मी बाहेर बाकावर आहे, भाऊ," हसीनाबी म्हणाल्या.

त्यानं मान खाली घातली. हसीनाबींना ते चांगलं लक्षण वाटलं.

बाहेर शिपाई तोतारामनं त्यांना पाणी दिलं. बाक तिघांचा होता. त्या एका कडेला सरकून बसल्या, येणाऱ्याला जागा राहावी म्हणून. आतल्या पंख्यांच्या खडखडाटात कोण काय बोलतंय ते कळत नव्हतं. जीव टांगणीला लागला होता. वाड्यातल्या यास्मिननं याच वर्षी घरावर नवे पत्रे घातले होते. मशिदीच्या बाजूच्या म्हाताऱ्याला डोळ्यांनी दिसत नाही, पण वाड्यात तो भिंतीला हात लावत कुठेही जातो. भिंतीच उरल्या नाहीत तर तो कुठे जाईल?

दार उघडलं. रुपचंद बाहेर आला.

हसीनाबींचा जीव भांड्यात पडला. डोळे भरून आले. त्यांनी बाकावर हात थोपटला. "ये भाऊ, बैस. मला माहीत होतं."

रुपचंद बसला नाही.

"मोजणी झाली का?" त्यांनी विचारलं.

"हुई गई, अक्का. आठ-आठ व्हयनं. मंग अध्यक्षनी जादानं मत टाकं. ठराव पास शे."

हसीनाबींनी मनात हिशेब केला. आठ-आठ. म्हणजे आतून कोणीच उठलं नव्हतं.

"मग तू कधी उठलास?"

रुपचंदनं पायातल्या चपलेकडे पाहिलं. "आते. चहानी सुट्टी व्हयनी."

त्यांना राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. आकिबला काय सांगायचं? नियमानं वागले म्हणून? वाड्यातल्या कोणत्या दारात आधी जायचं?

सुट्टी संपल्यावर त्या आत जाऊन आपल्या जागी बसल्या. पुढचा विषय घेण्याआधी लिपिकानं झालेल्या विषयाची नोंद सगळ्यांना वाचून दाखवली. आवाज स्वच्छ होता, कुठे अडखळला नाही.

"सदस्या हसीनाबी यांचा या विषयात हितसंबंध असल्याने त्या सभागृहाबाहेर गेल्या. उपस्थित अन्य कोणत्याही सदस्याचा या विषयात हितसंबंध नाही."