तिसरी शिट्टी

आयर्लंडमधल्या ॲथलोनबाहेर आमच्या घरामागच्या कुरणातून शेजारच्या डेक्लनची कोकरं कोल्हा पळवत होता. आज बंदूक रोखून डेक्लन कुंपणाशी बसला. कोल्ह्याला बोलवायचं काम माझं. त्याने शिट्ट्या पुढे केल्या: एकीत उंदराचा आवाज, दुसरीत सशाचा, तिसरीत कोल्ह्याच्या पिल्लाचा. "निवड तूच." पहिल्या दोन वाया गेल्या. मी तिसरी घेतली. "ग्रँड," तो पसंतीने पुटपुटला, "पिल्लू रडलं की आई थांबत नाही." जीव खाऊन फुंकली. तान्ह्या बाळाने टाहो फोडावा तसा आवाज निघाला. गवत हललं. तटतटलेल्या आचळांची कोल्हीण येऊन थबकली. तेवढ्यात घराचं दार आपटलं. माझ्या आईने सव्वा महिना उंबऱ्याआत ठेवलेली माझी बाळंतीण बायको अनवाणी कुरणात शिरली. "बाळ कुठंय?" गाउन दुधाने भिजलेला. डेक्लनचं बोट चापावर होतं. बंदुकीसमोर आता दोघी. दोघीही माझ्या ओठांतल्या शिट्टीकडे बघत होत्या.