उजव्या पायाचा गिअर

काकांच्या अंगावरून वारं गेल्याला तीन आठवडे झाले, तरी उजवा पाय काही हलेना. व्यायाम घ्यायला येणारी पोरगी रोज जीव तोडून सांगायची, "काका, चवडा वर उचला." पाय आपला ओंडक्यासारखा पडून.

आज मुलाने खाली अंगणात काकांची जुनी फटफटी किक मारून सुरू केली. खिडकीच्या काचा थरथरल्या आणि चादरीखाली काकांचा चवडा सावकाश वर आला.

"हलला! पाय हलला!" पोरगी ओरडलीच.

"हलला कसला, पहिला गिअर टाकलाय त्यांनी," काकू म्हणाल्या. "या गाडीचा गिअर उजव्या पायाला असतो. पहिला वर, बाकीचे खाली."

"मग काका, टाका की दुसरा!"

पाय ढिम्म.

काकूंना हसू आलं. नव्या लग्नात काका एकदा त्यांना पेट्रोल पंपावरच विसरून थेट घरी पोचले होते. तेव्हापासून "बसले" ऐकल्याशिवाय त्यांनी गाडी कधी पुढे काढली नव्हती.

उशांना टेकून बसलेल्या काकांच्या मागे काकू पलंगावर चढून बसल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अहो, बसले मी."

चवडा खाली दबला.