साडेतीन टिंबांची रेघ

मोर्स लिपीतली रेघ टिंबाच्या तिप्पट लांब असावी, असा नियम आहे. अण्णांची शेवटची रेघ साडेतीनपट असायची. कॉलसाइनच्या, म्हणजे हवेतल्या नावाच्या, अखेरीस ती किंचित रेंगाळायची आणि मग तुटायची. हौशी रेडिओवाल्यांच्या हॅम क्लबातल्या कुणालाही ती झोपेतसुद्धा ओळखता आली असती.

क्लबच्या सचिवबाईंनी ती संगणकाच्या पडद्यावर पुन्हा मोजली. साडेतीन. अण्णांना जाऊन चार महिने झाले होते.

“रेकॉर्डिंग असणार, मॅडम,” कथील म्हणाला. रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या या माणसाला क्लबात खऱ्या नावाने कुणीच हाक मारत नसे.

“रेकॉर्डिंग दर वेळी तंतोतंत सारखं येईल. मी तीन रविवार मोजलेत. प्रत्येक वेळी बारीकसा फरक आहे. हा जिवंत हात आहे.”

बाई कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. स्वतःचं शेवटचं वाक्य ऐकून त्यांनाच कसंसं झालं.

दर रविवारी सकाळी नऊला सभासद आपापल्या घरून रेडिओवर हजेरी देत. वारलेल्या सभासदाची कॉलसाइन वर्षभर यादीत ठेवायची, सगळ्यात शेवटी पुकारायची आणि दहा सेकंद गप्प राहायचं, ही क्लबची रीत. तीन रविवारांपूर्वी त्या दहा सेकंदांत टिंबं-रेघा वाजल्या. हजर. सिग्नल उत्तम. मग कॉलसाइन आणि ती रेघ.

पाठोपाठ परवाना कार्यालयाचं पत्र आलं. मृत व्यक्तीच्या कॉलसाइनवर कोण बोलत आहे ते सोमवारपर्यंत कळवावे, अन्यथा क्लबचे केंद्र बंद करण्यात येईल. आज शनिवार होता.

“तू तर नाहीस ना रे?” बाईंनी विचारलं. कथील कुणाचीही नक्कल करायचा. बाईंचीसुद्धा.

“शप्पथ नाही. करून बघितली होती, खोटं कशाला बोलू? माझी रेघ पावणेचारला जाते. तो हात यायला जन्म जावा लागतो. उगाच दिली का आपण त्यांना सर्वोत्तम हाताची ढाल?”

“आणि ढाल घेतल्यावर जरा वाजवून दाखवा म्हटलं, तर म्हणाले, परक्या मोर्स-कीवर माझा हात बसत नाही.”

“तोंडाने मात्र तासभर वाजवलं! चहाचा कप दोन्ही हातांत धरून. पार गार होईपर्यंत.”

दोघं हसले. तोंडाने एवढं बोलणारा माणूस कीवर बसला की चार शब्दांपलीकडे जात नसे. एवढ्या वर्षांत त्याने कीवर एक विनोद केला नव्हता.

रविवारी बाई पाण्याच्या टाकीजवळच्या टेकाडावर उभ्या राहिल्या, कथील दुकानाच्या गच्चीवर. दोघांच्या हातांत एकेक कडीसारखी अँटेना. कडी फिरवत जायची. आवाज जिथे बुडतो, त्यावरून दिशा कळते. हजेरी घेणाऱ्याला सांगून ठेवलं होतं, उत्तर आलं की बोलतं ठेव.

उत्तर आलं. बाईंनी कडी फिरवली, नकाशावर रेघ मारली आणि फोन लावला. कथीलने त्याच्या बाजूच्या दिशेचा आकडा सांगितला.

“पुन्हा मोज,” बाई म्हणाल्या.

त्याने मोजलं. आकडा तोच. दोन रेघा अण्णांच्या गल्लीत छेदत होत्या.

“मॅडम, मला काही कळेनासं झालंय,” कथील फोनवर म्हणाला.

बाईंनाही कळत नव्हतं. त्या घरी आता फक्त अण्णांच्या पत्नी, काकू, होत्या. अण्णांचा रेडिओ सेट क्लबच्या काचेच्या कपाटात, फोटोखाली ठेवायचा म्हणून दोघं तो मागायला दोनदा जाऊन आले होते. दोन्ही वेळा काकूंनी चहा दिला आणि म्हणाल्या, पुढच्या रविवारी सांगते.

आज काकूंनी दार लगेच उघडलं. “या. सेटचंच विचारायला आलात ना?”

आतल्या खोलीत सेटवर विणलेला रुमाल व्यवस्थित पसरला होता. बाईंनी त्याच्याखाली तळवा सरकवला. सेट गरम होता.

“काकू, आत्ता इथून कोण बोललं?”

“दर रविवारी हाक मारता तुम्ही,” काकू शांतपणे म्हणाल्या. “ओ नको द्यायला?”

कथीलने खुर्ची ओढून घेतली. “कमाल आहे काकू तुमची! इतकी हुबेहूब नक्कल? मी हात टेकले आणि तुम्ही...”

काकू सेटवरचा रुमाल सरळ करू लागल्या. बाईंचा जीव मात्र भांड्यात पडला. कोडं सुटलं होतं.

“हे बघा काकू,” त्या समजुतीने म्हणाल्या, “उद्या कार्यालयाला उत्तर द्यायचंय. मी लिहिते, पत्नीने दुःखाच्या भरात त्यांची नक्कल केली, सेट क्लबने ताब्यात घेतला आहे. क्लब वाचेल, आणि तुम्हालाही कुणी काही म्हणणार नाही. फक्त सेट आजच न्यावा लागेल.”

काकूंनी भिंतीवरची ढाल काढली. पदराने पुसली. ती टेबलावर, बाईंच्या समोर ठेवली आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

“नक्कल लिहू नकोस. ही ढाल सहा वर्षांपूर्वीची आहे, आणि ह्यांनी कीला शेवटचा हात लावला त्याला अकरा वर्षं झाली. माझ्यासाठी परवान्याच्या परीक्षेचा अर्ज आण. सेट मी देणार नाही.”