टेकले का गं?

“लेकाचे जिराफांसाठी गाड्या बनवतात,” नवरा तिच्या कानाशी कुरकुरला. तिच्या खांद्यावर हाताचा सगळा भार टाकून तो गॅरेजच्या दारात उभा होता. आत त्याची मोटारसायकल ठोकळ्यांवर चढवलेली, आणि गाडीच्या पोटाखाली मेकॅनिक आडवा झालेला.

गाडी डांबरावरही पळायची आणि दगडधोंड्यांतूनही. डोंगरावरच्या पंपघरांपर्यंत दुसरी कुठली गाडी पोचतच नसे, आणि त्या पंपांची देखभाल हीच त्याची नोकरी. गाडी गेली की नोकरी गेली, हे घरात कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

गाडी घरी आली तेव्हा तिने गाडीचं नाव ‘उंट’ ठेवलं होतं. तेव्हा नवरा टांग टाकून सहज बसायचा, वर शीळ घालायचा. मग एकदा सिग्नलला उभ्या उभ्या आडवा झाला. मग पेट्रोल पंपावर, सगळ्यांच्या देखत. “सीट उंच आहे. पाय पुरत नाहीत,” म्हणाला. इतकी वर्षं पुरणारे पाय आताच कसे आखूड झाले, हा प्रश्न तिच्या ओठांवर आला आणि तिथेच राहिला. नवऱ्याला म्हातारा म्हणायला तिची जीभ रेटेना. मेकॅनिकलाही कळत असणार. पण तो गाडीचं सांगितलं तर गाडीचं बघायचा, माणसाचं बोलायचा नाही.

आधी सीटचा फोम तासून झाला. मग गाडी मागून बसावी म्हणून शॉकपची पट्टी बदलली, पुढून बसावी म्हणून पुढच्या चाकाचे पाइप वर सरकवले. गाडी इतकी बसली की स्टँडवर तिरकी उभीच राहीना, म्हणून स्टँडही कापून आखूड केला. दर खेपेला तो वर बसायचा आणि विचारायचा, “बघ गं, टेकले का?” ती वाकून बघायची. “टेकले हो, टेकले.” उंटाचा घोडा झाला, घोड्याचं गाढव झालं. हल्ली गतिरोधकावर गाडीचं पोट घासायचं.

पण एका गोष्टीसाठी तिने या गाडीचे सगळे अपराध माफ केले होते. साऱ्या संसारात ज्या माणसाने कधी “चल” म्हटलं नाही, तो हल्ली रोज म्हणायचा, “चल ना, एकट्याला कंटाळा येतो.” ती शिवणाचं मशीन झाकून ठेवायची, डबा घ्यायची आणि त्याच्या मागे बसून डोंगर चढायची. गाडीचा डावा आरसाही त्याने तिच्या तोंडाकडे वळवून घेतला होता.

“अहो, मागून ट्रक आला तर कसा दिसणार?”

“ट्रक बघून बघून डोळे विटले. आता तुला बघू दे.”

या वयात! इश्श म्हणायचंही वय उरलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून ती केस विंचरून, तोंडावरून पावडरचा हात फिरवूनच मागे बसायला लागली. गाडी थांबायला आली की ती श्वास रोखून धरायची. त्याचा पाय रस्त्यावर आला की सोडायची. आणि दर वेळी नेमकं तेव्हाच तो आरशात तिच्याकडे बघत असायचा.

विसराळू मात्र फार झाला होता. परवा चप्पल फाटकातच निसटली आणि हा एका चपलेनिशी थेट स्वयंपाकघरात. ती पोट धरधरून हसली होती. तो खाली वाकून कितीतरी वेळ पायाकडे बघत राहिला होता.

“काका, झालं.” मेकॅनिक हात पुसत उठला. “आता याच्या खाली फक्त चाक आहे. आणखी उतरवा म्हणालात तर तुम्हाला फळीला चाकं लावून देईन.”

त्याने गाडी ठोकळ्यांवरून उतरवली. कामासाठी काढलेले आरसे अजून पान्यांच्या फळीवरच पडले होते. नवरा सीटवर बसला. त्याचे दोन्ही तळवे फरशीवर सपाट आले, वर गुडघेही वाकले. तीनचाकीवर बसलेल्या पोरासारखा दिसत होता.

“शेळी झाली हो आता तुमच्या उंटाची!” त्याच्या पाठीमागून ती म्हणाली.

मेकॅनिकने हँडल सोडलं.

गाडी डावीकडे कलली, अगदी सावकाश. एखाद्या पोरानेही पायाने रेटून धरली असती. नवऱ्याचा पाय होता तिथेच राहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. गाडीबरोबर तोही आडवा झाला.

दोघांनी आधी गाडी उचलली, मग त्याला. घोटा सोलवटून रक्त आलं होतं. त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

“तेल सांडलंय वाटतं इथे,” ती घाईघाईने म्हणाली.

“हो काकू, तेलच असणार,” मेकॅनिक म्हणाला, आणि नसलेलं तेल फडक्याने पुसायला लागला. फरशी ठणठणीत कोरडी होती.

“राहू दे रे,” नवरा म्हणाला. “किती खाली आणशील? मला पायाखाली जमीनच लागत नाही. कित्येक महिने झाले.” त्याची नजर फळीवरच्या आरशाकडे गेली. तिच्याकडे बघायचं त्याने टाळलं.

“आरशात हिचा जीव भांड्यात पडलेला दिसला, की समजायचं, टेकले.”